मैदाकाकूंच्या हॉटेलात

आमच्या सकाळच्या मंडळात पळणारे कमी आणि बोलणारे जास्त! नालवाडीच्या मैदानावर जमेल तितक्या फेऱ्या मारायच्या आणि मग रस्त्याकाठच्या टपरीवर चहाला टेकायचं, हा आमचा नेम. वय वाढलं तशा फेऱ्या कमी झाल्या, चहा वाढला, आणि चहाबरोबर किस्से. एकानं सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, त्यावर तिसरा आपला चढवतो. कोणता कोणाचा हेही आता ओळखू येत नाही. पण कोणी चुकून 'हॉटेल' हा शब्द काढला, की सगळ्या माना माझ्याकडे वळतात.

"दिनूभाऊ, थे मैदाबाईचं सांगा!"

तर सांगतो. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. उतारवयातल्या हौशी खेळाडूंची एक स्पर्धा युरोपात भरणार होती आणि आमच्या मंडळातले तिघं तिथं निघाले. वामनराव हे देवळीचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. लांब पल्ल्याचं पळायचे. गुलाबरावांची नालवाडीत पिठाची चक्की. ते गोळा फेकायचे, आणि उभे राहिले की त्यांच्या सावलीत दोघं आरामात बसतील असा देह! तिसऱ्या कमलाकाकू. आष्टीकडच्या शेतकरी घरातल्या, लेकीकडे वर्ध्याला राहायला आल्या आणि आमच्यात सामील झाल्या. त्यांची चालण्याची शर्यत.

आणि मी? माझं वर्ध्यात कापडाचं दुकान. पळण्यात माझा काही उजेड नाही, पण चुकीचं इंग्रजी बोलताना मी लाजत नाही. एवढ्या गुणावर मला मॅनेजर केलं.

शहराचं नाव ल्युब्लियाना, देश स्लोव्हेनिया. गुलाबरावांनी शेवटपर्यंत त्याला 'लुबलुब' म्हटलं.

* * *

खेळाडूंसाठी ठरवलेली मोठी हॉटेलं आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं एक लहानसं हॉटेल घेतलं होतं. पिवळी तीनमजली इमारत. प्रत्येक खोलीचं दार वेगळ्या रंगाचं, न्हाणीघर मजल्यावर सगळ्यांत एक, जिन्याच्या पायरीपायरीवर लाल फुलांच्या कुंड्या आणि गच्चीवर चक्क मधमाश्यांच्या पेट्या! पेट्यांवर सुद्धा रंगीत चित्रं काढलेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारात एक सत्तरीच्या बाई उभ्या. उंच, गोऱ्यापान, कमरेला एप्रन. मी पुढे होऊन विचारलं, "मॅडम, यू आर द ओनर?"

बाई हसून म्हणाल्या, "या, या!"

आमचे तिघं जागच्या जागी थिजले. एवढ्या दूरदेशी, विमानं बदलून, अंग आंबून गेल्यावर, दारात कोणीतरी म्हणतंय 'या'!

मी विचारलं, "वुई हॅव फोर पर्सन्स बुकिंग?"

"या, या, या!"

कमलाकाकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाय व बाई, किती आपुलकीनं बोलावून राह्यली!"

वामनराव मात्र मुरलेले ड्रायव्हर, त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. ते म्हणाले, "सेवाग्रामले येऊन गेली असन. येतात ना हे लोक!"

त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'हो', हे मला तेवढ्यात कळलं होतं. पण मी गप्प राहिलो. कारण तोवर तिघंही चपला काढून, घरात शिरावं तसे आत शिरले होते आणि बाईंनीही काही न विचारता आपले जोडे काढले होते!

बाईंचं नाव 'मायदा'. ते ऐकल्याबरोबर गुलाबराव खूश.

"मैदा? जमलं! आपल्या धंद्यातलीच बाई हाय!"

त्या क्षणापासून त्या मैदाकाकू झाल्या.

* * *

हॉटेलला लिफ्ट होती. म्हणजे लोखंडी जाळीचा एक पिंजरा होता, आणि मनात आलं तर तो वरखाली जायचा. गुलाबराव पहिल्याच दिवशी त्यात शिरले. दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टनं एक सुस्कारा टाकला आणि थांबली.

आमची धावपळ उडाली. वामनराव खालून ओरडले, "घाबरू नका गुलाबराव! हँडब्रेक लागला असन!"

गुलाबराव कशाला घाबरतात! मांडी घालून खाली बसले. मैदाकाकूंना मात्र फार वाईट वाटलं. पाहुणा आल्या आल्या पिंजऱ्यात! त्यांनी कारागिराला फोन केला, जिन्यावर स्टूल ठेवलं आणि जाळीतून कॉफीचा कप आत सरकवला. मग पाव आणि गच्चीवरचा मध. मग आलुबुखाऱ्याचा केक. कारागीर यायला वेळ लागला, म्हणून आणखी केक.

तो आला, लिफ्ट सुटली. गुलाबराव तोंड पुसत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळे हजर, गुलाबराव गायब! शोधत निघालो तर लिफ्टमध्ये. एकटेच वर जात होते, खाली येत होते, परत वर जात होते.

"गुलाबराव, काय करून राह्यले हो?"

"काही नाई गा," ते खट्टू होऊन म्हणाले, "आज काही केल्या अटकूनच नाई राह्यली!"

* * *

वामनरावांना झाडांचं वेड. नोकरीत असताना गाडीत स्टिअरिंगजवळ तुळशीची कुंडी ठेवायचे. जिन्यातल्या लाल फुलांवर त्यांचा जीव जडला. जाता-येता थांबायचे, पानं कुरवाळायचे.

एकदा त्यांनी एक कुंडी हळूच उचलून पाहिली. खालून, काउंटरवरून, मैदाकाकूंचा आवाज आला, "ने, ने!"

वामनराव संकोचले. पाहुण्यानं असं एकदम घेऊ नये. त्यांनी कुंडी उंच धरून विचारलं, "नेऊ?"

"ने!"

"खरंच नेऊ?"

"ने, ने, ने!"

एवढा आग्रह झाल्यावर कोण नाही म्हणणार? नेली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. जिना उघडा पडत चालला आणि वामनरावांच्या खिडकीत बगीचा फुलला. आम्हाला दाखवून म्हणायचे, "लय दिलदार बाई. ज्या झाडाले हात लावतो, त्याले म्हणते ने!"

कमलाकाकूंचं तोंड वाकडं. "तुमालेच काऊन देते? मले त एक फूल नाई दिलं!"

मैदाकाकूंची भाची नेझा दुपारी काउंटर सांभाळायला यायची. तिला इंग्रजी चांगलं यायचं. तिनंच एकदा मला बाजूला घेऊन अगदी नम्रपणे विचारलं, की तुमचे ते मित्र फार सज्जन दिसतात, पण मावशी 'नको, नको' म्हणून ओरडते तरी ते कुंड्या का उचलून नेतात?

मी कपाळावर हात मारला. त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे 'नाही'! आणि आमच्या भाषेत काय, ते मी नेझाला सांगितल्यावर ती हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली.

वामनराव मात्र कानापर्यंत लाल झाले. आयुष्यात कोणाच्या वस्तूला हात न लावलेला माणूस! एकेक कुंडी स्वतः उचलून त्यांनी पायऱ्यांवर होती तशी लावली. शेवटची ठेवून मान खाली घालून उभे राहिले. मैदाकाकू आल्या. भाचीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली, सर्वांत जास्त बहरलेली उचलली, वामनरावांच्या हातात ठेवली आणि अगदी स्पष्ट मराठीत म्हणाल्या,

"ने!"

* * *

त्यानंतर आम्ही शहाणे झालो असं वाटत असेल, तर नाही.

एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कमलाकाकूंच्या हातून कप निसटला आणि फरशीवर फुटला. निळ्या फुलांचा सुरेख जुना कप. काकू घाबऱ्याघुबऱ्या उठल्या. मैदाकाकू धावत आल्या, तुकडे वेचता वेचता काकूंकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "नीच! नीच!"

काकूंचा चेहरा पडला. मग तापला.

"कप फुटला त माणूस नीच झाला काय?"

"काकू, याचाही मतलब अलगच असन," वामनराव समजावू लागले. ते आता अनुभवी झाले होते.

"मंग हासून हासून काऊन म्हणते? शिवी द्याची त सरळ द्या!"

आणि न खाता उठून गेल्या. मैदाकाकू हातात तुकडे घेऊन बावरून उभ्या. त्या मागून जिन्यापर्यंत गेल्या, काकूंची समजूत घालायला आणखी मोठ्यानं म्हणाल्या, "नीच! नीच!" झालं! वर धाडकन दार आपटलं.

दुपारी नेझा आल्यावर उलगडा झाला. 'नीच' म्हणजे 'काही नाही'. म्हणजे, जाऊ द्या हो, काही झालं नाही! मी वर जाऊन सांगितलं. काकूंनी दार उघडलं.

"इतका चांगला मतलब," त्या म्हणाल्या, "अन् त्याले हा शब्द!"

खाली येऊन त्यांनी मैदाकाकूंचे दोन्ही हात धरले. आणि तो शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी तो सोबत आष्टीला नेला. घरच्या एका लग्नात वाढप्याच्या हातून त्यांच्या नव्याकोऱ्या साडीवर वरण सांडलं. बिचारा हात जोडून उभा. काकूंनी भरल्या पंगतीत त्याच्या पाठीवर थोपटलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "नीच, नीच!"

वाढप्यानं बादली खाली ठेवली आणि मांडवाबाहेर निघून गेला. तो नवरीचा सख्खा मामा होता! सोयऱ्यांची समजूत घालायला मला वर्ध्याहून फोनवर स्लोव्हेनियाची भाषा शिकवावी लागली.

* * *

गुलाबरावांचा सराव बुडत होता. गोळा काही विमानात आणता आला नव्हता. मैदाकाकूंच्या मागच्या अंगणात ते अस्वस्थ येरझाऱ्या घालायचे. तिथं एका लाकडी पिंपात त्या कोबी आंबवायच्या, आणि कोबी वर येऊ नये म्हणून त्यावर एक गोल, जड गोटा ठेवलेला असायचा.

गुलाबरावांची नजर गोट्यावर गेली. उचलला, तोलला, मानेला लावला आणि दिला भिरकावून!

गोटा थेट मैदाकाकूंच्या गाजराच्या वाफ्यात घुसला. आवाज ऐकून त्या बाहेर आल्या. खड्ड्याकडे पाहिलं, गुलाबरावांकडे पाहिलं.

त्या सावकाश चालत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथं एक पट्टा नुसताच पडीक होता, माती दगडासारखी कडक. त्यांनी पायानं तिथं टकटक केलं, बोटानं दाखवलं: इथं!

मग काय! गुलाबराव सकाळ-संध्याकाळ गोटा फेकायचे. मैदाकाकू खुर्ची टाकून बसायच्या आणि पुढचा कुठं पडला पाहिजे ते बोट करून सांगायच्या. त्यांना मनाजोगती जमीन उकरून मिळाली, यांना सराव मिळाला. संध्याकाळी गोटा स्वच्छ धुऊन परत कोबीवर.

स्पर्धेत गुलाबरावांचा नंबर मात्र बराच मागे आला. मला वाटलं, नाराज असतील. पण ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "गोळा लय गुळगुळीत होता, दिनूभाऊ. हाताले कोबीची सवय झालती!"

आणि त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट मीच सांगून टाकतो. निघायच्या दिवशी त्या पडीक पट्ट्यात मैदाकाकूंनी रोपं लावली होती आणि गुलाबराव वाकून, त्या दांडग्या बोटांनी, एकेका रोपाला माती लावत होते.

* * *

वामनराव रोज पहाटे गावातून पळून यायचे. नदीकाठानं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, असं ठरलेलं. पण एक दिवस त्यांना वाटलं, वेगळ्या रस्त्यानं पाहू. आणि ड्रायव्हर असूनही हरवले!

हॉटेलचं कार्ड खोलीवर. जवळ इंग्रजी नाही, तिथली भाषा नाही. इकडं आमचा नाश्ता होऊन गेला, माणसाचा पत्ता नाही. कमलाकाकूंनी देव पाण्यात घालायचंच बाकी ठेवलं होतं. मैदाकाकू दारात उभ्या राहून गल्लीच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक भलीमोठी सिटी बस दिसली. त्या गल्लीत मोटारसुद्धा जपून वळवावी लागायची. बस थांबली, मागे सरकली, पुन्हा पुढे आली आणि इंच इंच करत आत शिरली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या, लोक बघायला लागले. बस सरळ आमच्या हॉटेलच्या दारात येऊन थांबली.

दार उघडलं. आत ड्रायव्हरच्या शेजारी उभे वामनराव!

झालं होतं असं. हरवल्यावर वामनरावांनी पहिली दिसेल ती बस थांबवली. ड्रायव्हरला काय सांगावं ते कळेना, तेव्हा त्यांनी बनियनच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेला आपला जुना एसटीचा बिल्ला काढून दाखवला. रिटायर झाले तरी तो त्यांच्या गळ्यात असायचाच. ड्रायव्हरनं बिल्ला पाहिला, स्टिअरिंगकडे बोट केलं. वामनरावांनी मान हलवली, हातानंच गिअर टाकून दाखवला. एवढंच बोलणं! मग त्यांनी पिवळं घर, जिन्यातल्या कुंड्या, उंच बाई असं हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि बसमधल्या एका आजीबाईंना ते उमगलं. त्या मैदाकाकूंकडून मध घ्यायच्या!

"पण गाडी रूट सोडून आली कशी?" मी विचारलं.

"आणली त्यानं. अन् मी वळण सांगून राह्यलो होतो ना! थोडी डावी, थोडी डावी... येऊ द्या, येऊ द्या!"

बसमधले लोक खिडकीतून हात हलवत होते. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती. वामनराव खाली उतरले, बसच्या मागे गेले, गल्लीचा अंदाज घेतला आणि पत्र्यावर दोनदा थाप मारून ओरडले,

"चला, जाऊ द्या!"

आणि बस गेली!

* * *

कमलाकाकूंच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र आमचं हसू मावळलं. मैदानावर पोशाख तपासायला गेलो, तर पंच बाईंनी काकूंच्या साडीकडे पाहून मान हलवली. चालण्याच्या शर्यतीत पाय टेकला की गुडघा सरळ झाला पाहिजे आणि पंचांना तो दिसला पाहिजे. साडीत गुडघा दिसणार कसा? त्यांनी चड्डी घालायला सांगितलं, अगदी समजुतीनं सांगितलं, पण सांगितलंच.

"माह्या बापजन्मी नाई!" काकू म्हणाल्या.

हॉटेलवर येऊन त्या जेवणघरात खिडकीशी बसून राहिल्या. वर्षभर नालवाडीच्या रस्त्यावर ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही, काकू चालत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "लुगडं असतं ना, त कासोटा मारून गुडघ्याच्या वर बांधलं असतं. निंदायले जातो तसं. पण आणल्या साऱ्या पाचवारी!"

मी पडलो कापडवाला. म्हटलं, नऊ वार कापड एवढंच ना? आणतो! पण तो रविवार होता आणि रविवारी त्या गावात दोरासुद्धा मिळत नाही. हात हलवत परत आलो.

मैदाकाकू मघापासून सगळं बघत होत्या. त्यांनी खूण केली: नेमकं काय हवंय? काकूंनी टेबलावरची चादर ओढली, कमरेला गुंडाळली, दोन पायांमधून मागे नेऊन खोचली आणि गुडघा दाखवला. चादर अपुरी पडली. मैदाकाकूंनी काकूंकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

जेवणघराच्या खिडक्या उंच होत्या आणि त्यांना पिवळ्या रंगाचे, निळ्या फुलांचे सुती पडदे होते. त्यांनी गुलाबरावांना स्टूल धरायला लावलं, वर चढल्या आणि सरासरा पडदे उतरवले!

"अहो, नको, नको!" मी ओरडलो.

त्यांनी ऐकलंच नाही. ऑफिसातून जुनं शिवणयंत्र बाहेर आलं. पडदे मधोमध फाडून टोकाला टोक जोडायचे होते. ते फाडायचं काम माझ्याकडे आलं. जन्मभर कापड फाडलं, पण कोणाच्या खिडकीवरचं पहिल्यांदाच! मैदाकाकूंनी शिवण घातली आणि दिवेलागणीला काकूंचं लुगडं तयार!

सकाळी काकू ते नेसून जिना उतरल्या. वर भारताचा टी-शर्ट, खाली घट्ट कासोट्याचं पिवळं लुगडं, पायात पांढरे बूट. जेवणघरात पडदे नसल्यानं ऊन नुसतं ओतत होतं. पाहुणे डोळे चोळत पाव खात होते. मैदाकाकूंनी चमच्यानं कपावर टिंग टिंग केलं आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. आम्हाला त्यातलं 'कमला' तेवढं कळलं.

सगळं जेवणघर उठून टाळ्या वाजवायला लागलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं खिशातून काळा चष्मा काढून घातला, काकूंकडे बघून अंगठा दाखवला आणि निवांत पावाला लोणी लावायला बसला.

मैदानावर पंच बाई वाकल्या. एक गुडघा पाहिला, दुसरा पाहिला. मग पदर नसलेल्या त्या पडद्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि काकूंच्या छातीवर नंबर स्वतः टाचून दिला.

* * *

त्या शर्यतीचंच सांगायचं राहिलं.

शिट्टी झाली आणि साऱ्या बाया टकाटका निघाल्या. पहिल्याच फेरीत आमच्या काकूंच्या शेजारी एक बाई आल्या. फिनलंडच्या, बारीक, ताठ, पांढरे केस पोरासारखे कापलेले. दोघींचा वेग सारखा. एकीनं जोर केला की दुसरी करायची, एकीनं श्वास घेतला की दुसरी घ्यायची. मी कठड्याला धरून बघत होतो. दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की काकूंचे ओठ हलताहेत.

मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. पुढच्या फेरीला पाहतो तर फिनलंडच्या बाईंचेही हलताहेत!

शर्यत संपेपर्यंत दोघींचं चाललेलंच. शेवटच्या वळणावर मात्र दोघी गप्प झाल्या आणि अशा सुटल्या म्हणता! फिनलंडची बाई बोटभर पुढे गेली. ती तिसरी, आमच्या काकू चौथ्या. पदक हुकलं! गुलाबरावांनी डोक्याला हात लावला, वामनराव कठड्यावरच बसले. आणि काकू? रेषेपलीकडे जाऊन, कमरेवर हात ठेवून, त्या बाईंना काहीतरी पुढचं सांगत होत्या!

संध्याकाळी त्या बाई आमच्या हॉटेलवर आल्या. मैदाकाकूंनी अंगणातल्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या, दोघींसमोर कोमट पाण्याची घमेली ठेवली. दोघी पाय बुडवून बसल्या. ही वऱ्हाडीत बोलते, ती फिनलंडच्या भाषेत. मध्येच ही मान डोलावते, मध्येच ती 'च्च' करते. एकदा दोघी एकदम हसल्या. एकदा फिनलंडच्या बाईंनी डोळे पुसले, आणि काकू त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

मी कॉफी घेऊन गेलो. राहवेना, म्हणून विचारलं, "काकू, काय म्हणतात बाई?"

"घरचे नको म्हणत होते म्हणे तिले. मालक गेल्यापासून बसूनच राह्यली होती घरात. खिडकीतून पाहाचं, बस. मंग एक दिवस दार लोटलं अन् निघाली चालत."

"अन् तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगाचं? म्हटलं, माह्यंही तसंच."

फिनलंडच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. काकूंचं बोलणं संपल्यावर त्यांनी मला उद्देशून होकारार्थी मान हलवली.

मला इंग्रजी येतं, तरी माझ्याशी त्यांचा एक शब्द जुळला नव्हता. मी म्हटलं, "पण काकू, तिची भाषा तुम्हाला कळली कशी?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं होतं.

"कळणार नाई काय, दिनूभाऊ? एवढ्या दूर सोबत चाललो ना आम्ही!"